चकचकीत कुऱ्हाड, उतरलेलं पाणी: जुनी अवजारं ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी

जाहिरातीत लिहिलं होतं: जुनं घडीव पातं, फक्त कानस आणि दगड वापरून दुरुस्त केलेलं, नवा धामणीच्या लाकडाचा दांडा, लगेच वापरायला तयार. किंमत 3,200 रुपये, कुरियर वेगळं. आलेली कुऱ्हाड दिसायला फोटोतल्यासारखीच होती. सुक्या बाभळीच्या ओंडक्यावर थोडे घाव बसले आणि धारेचा मधला भाग वळला. महिनाभरात पातं दांड्यावर हलायला लागलं. विक्रेत्याचं म्हणणं, "तुमची मारायची पद्धत चुकते, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा." शेवटी कुऱ्हाड सुटी केली. आत जे निघालं ते सविस्तर देतोय, कारण याच वर्णनाच्या कुऱ्हाडी अजून विकल्या जाताहेत.

आधी धार. धारेचा तुकडा उडाला तर पोलाद जास्त कडक आहे. धार वळली तर एकतर ती फार पातळ घासलीय किंवा पोलाद मऊ आहे. इथे दोन्ही बाजू मिळून कोन 30 अंशांच्या आसपास होता, म्हणजे पातळपणाचा प्रश्न नव्हता. मग कानस. आठ इंची, बारीक दातांची, फारशी न झिजलेली कानस आधी तुंब्यावर, म्हणजे पात्याच्या मागच्या जाड भागावर फिरवायची, मग धारेवर. जुन्या घडीव पात्यात पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेला कडकपणा, फक्त धारेकडच्या दोन-अडीच सेंटिमीटरला दिलेलं असतं. त्यामुळे तुंब्यावर कानस सहज कीस काढते आणि धारेवर तिला जोर लावावा लागतो, हलका हात ठेवला तर ती घसरते. या पात्यावर दोन्हीकडे हाताला सारखंच लागलं. पाणी उतरलेलं होतं.

ग्राइंडरने धार लावली की असं होतं, हे बहुतेकांना माहीत असतं. पातळ कड काही सेकंदांत तापते. पोलाद साधारण 220 अंश सेल्सिअसला फिकट पिवळं, 255 ला तपकिरी, 280 ला जांभळं आणि 300 ला निळं दिसतं. कुऱ्हाडीची धार तपकिरी ते जांभळ्याच्या मध्ये थांबलेली हवी. निळ्याच्या पुढे गेली की धार टिकत नाही. रंग पॉलिशच्या चाकावर पुसता येतो, मऊपणा राहतोच. म्हणून आरशासारख्या पात्याची आम्हाला उलट धास्तीच वाटते: तिथे रंग पाहायची सोयच ठेवलेली नसते.

पण ग्राइंडरचा मार वरवरचा असतो. कानशीने धार तीन-चार मिलिमीटर मागे नेली की सहसा चांगलं पोलाद लागतं. इथे सहा मिलिमीटर मागे गेल्यावरही कानस तितकीच खात होती. कारण नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात सापडलं. दांडा ठोकून काढल्यावर आतल्या भिंतीला कोळशाचा काळा थर चिकटलेला होता. म्हणजे जुन्या दांड्याचा अडकलेला बुंधा पातं चुलीत टाकून जाळून काढला होता. घाईच्या धंद्यात ही सर्रास चालणारी युक्ती आहे. पाच मिनिटांचं काम वाचतं आणि पात्याचं सगळं पाणी जातं. बुंधा काढायची साधी रीत अशी: दांडा पात्याच्या खाली करवतीने कापायचा, नेढ्यातल्या लाकडाला गिरमिटाने चार-पाच भोकं पाडायची आणि लोखंडी कांबीने बुंधा ठोकून बाहेर काढायचा. आगीची गरजच नाही.

जुनं पातं झिजत झिजत पाणी दिलेल्या भागाच्या मागे गेलं असेल, तरी धार अशीच मऊ लागते. हे ओळखायला पात्यावर धारेपासून मागे जाणारा एक पट्टा घासून लख्ख करा आणि त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर अर्धा तास ठेवा. कडक भाग आणि मऊ भाग वेगवेगळे काळे पडतात, मधली सीमा दिसते. सीमाच दिसली नाही तर पाणी नाही. जुन्या पात्यात पोलादाच्या सांध्याचीही रेघ दिसते, तिला दोष समजू नका.

यापेक्षा गंभीर प्रकार नेढ्याच्या गालावर होता. काळं पॉलिश थिनरने पुसल्यावर तिथे वेल्डिंगचा मणी (फुगीर रेघ) घासून सपाट केलेला दिसला, म्हणजे भेग वेल्डिंगने बुजवलेली होती. भेग खालपर्यंत आहे का हे रॉकेल आणि खडूने कळतं: पातं रॉकेलमध्ये तासभर बुडवायचं, फडक्याने कोरडं करायचं, वर खडूची पूड भुरभुरायची. भेगेत शिरलेलं रॉकेल हळूहळू झिरपून पुडीवर ओली रेघ काढतं. इथे ती मण्याच्या दोन्ही टोकांपासून पुढे गेली. असं पातं फाडणीच्या घावात उघडू शकतं आणि समोरच्याच्या अंगावर जाऊ शकतं. म्हणून हे पातं दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही.

दांडा धामणीचा नव्हताच. सँडपेपर फिरवला तसा तपकिरी रंग निघाला आणि खाली हलकं, पांढुरकं लाकूड दिसलं. पाचर नेढ्याच्या जेमतेम पाव खोलीपर्यंत गेलेली, उरलेल्या फटीत भुसा आणि गोंद, वरून तीन खिळे. लाकूड ओलंही होतं: सुटा दांडा 610 ग्रॅम भरला, सावलीत दोन आठवडे ठेवून पुन्हा तोलला तर 565. पातं ढिलं व्हायचं खरं कारण हेच. पाण्यात बुडवल्यावर लाकूड फुगतं, नेढ्याच्या कडांवर दबून तंतू चेपतात आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा जास्त हलतो. विक्रेत्याचा सल्ला तक्रारीची वेळ टळावी म्हणूनच होता, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तंतू सरळ आहेत का, हे रंगवलेल्या दांड्यावर दिसत नाही. एका कोपऱ्यात घासून शाईचा थेंब टाका. शाई तंतूंच्या दिशेने पसरते. फूटभर लांबीत ती रेघ दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त तिरकी सरकत असेल तर तो दांडा नको, मग लाकूड कितीही भारी असो. चांगला दांडा करवतीने कापलेल्या फळीचा नसतो, ओंडका फोडून काढलेल्या फाळक्याचा असतो. तो वाकसाने उतरवतात, लाकडाच्या कानशीने गोलवतात आणि काचेच्या तुकड्याने खरवडतात. बसवताना नेढ्याला आतून काजळी लावायची. दांडा ठोकून काढला की जिथे काळं लागलंय तेवढंच घासायचं. पाचरीची चीर नेढ्याच्या दोन-तृतीयांश खोल, पाचर वाळलेल्या बाभळीची आणि नेढ्याइतकी रुंद. पातं वर चढवायला दांडा हवेत उभा, पातं खाली असा धरायचा आणि दांड्याच्या वरच्या टोकावर लाकडी मोगरी मारायची. पातं स्वतःच्या वजनाने जागीच राहतं आणि दांडा त्यात खोल शिरतो. खिळे ठोकावे लागले तर बसवणं फसलंय.

ज्यांच्या पात्याचं नेढं शाबूत आहे आणि फक्त पाणी उतरलंय, त्यांनी लोहाराकडे जावं. धारेकडचे तीन-चार सेंटिमीटर चुंबक चिकटायचं थांबेल त्याच्या किंचित पुढेपर्यंत तापवायचे. गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद असेल तर तेलात विझवायचं. पाण्यात ते तडकू शकतं. विझवताना फक्त धार बुडवायची, मागचा भाग गरम ठेवायचा. मग धारेजवळ दगडाने पट्टा उजळवायचा आणि मागून सरकत येणारे रंग बघत बसायचं. जांभळा धारेला पोहोचायच्या आत पुन्हा विझवायचं. इथे घाई करणारा लोहार असेल तर पातं परत घेऊन या.

पैशांचं बोलायचं तर: पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि कानस धारेवर फिरवतानाचा व्हिडिओ, एवढं जपा. संकेतस्थळामार्फत खरेदी असेल तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात निवाडा करावा, असा 2020 चा नियम आहे. ऐकलं नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. रक्कम लहान म्हणून लोक इथपर्यंत जात नाहीत, विक्रेत्याला ते पक्कं ठाऊक असतं.

पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी तीन गोष्टी मागा: पॉलिश नसलेल्या नेढ्याचे वरून आणि खालून फोटो, दांड्याच्या दोन्ही टोकांचे फोटो आणि कानस आधी तुंब्यावर, मग धारेवर फिरतानाचा आवाजासकट व्हिडिओ. हे द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून घेऊ नका. भंगारवाल्याकडचं गंजकं, जुना दांडा तसाच अडकलेलं पातं त्यापेक्षा बरं. त्याला निदान कुणी चुलीत घातलेलं नसतं.