बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स: 'बिग' म्हणून माझा अनुभव

अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी, त्यातही पुरुषांनी, हे वाचावं म्हणून मुद्दाम लिहितोय. 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' ही मुलांना एकेका मोठ्या माणसाची सोबत जोडून देणारी संस्था. न्यू जर्सीत काही वर्षांपासून मी तिचा स्वयंसेवक आहे. स्वयंसेवकाला इथे 'बिग' म्हणतात आणि ज्या मुलाशी जोडी लावून देतात तो 'लिटल'. महिन्यातून दोन ते चार वेळा काही तास त्याच्यासोबत घालवायचे आणि निदान वर्षभर हे निभवायचं, एवढंच आपण कबूल करायचं. मुलाच्या घरच्यांना एक पैसा पडत नाही.

दाखल होताना चौकशी भरपूर होते. लांबलचक मुलाखत, पोलिसांकडची नोंद, ओळखीच्या लोकांकडे विचारपूस, मग प्रशिक्षण. एक मित्र यालाच वैतागून मागे फिरला. मला मात्र ही कडक तपासणी संस्थेची सगळ्यात जमेची बाजू वाटते. कुठल्या आईने आपलं पोर परक्या माणसाच्या गाडीत उगाच बसवावं?

माझ्या लिटलची आई नर्सिंग होममध्ये दोन-दोन पाळ्या करते. वडील नाहीत. पोरगा शाळा बुडवायचा, गणितात वर्गाच्या मागे पडलेला. सुरुवातीला तो 'हो', 'नाही', 'माहीत नाही' याच्या पुढे जात नसे. गाडीत मात्र बोलायचा. मी समोर रस्त्याकडे बघत असायचो, तोही खिडकीबाहेर. कुणी आपल्या तोंडाकडे टक लावून बघत नाही म्हटल्यावर त्याला मोकळं वाटत असावं. म्हणून मी लांबचा रस्ता धरायला लागलो.

एकदा सुपरमार्केटात सीरियल घेताना त्याने फळीवरच्या चिठ्ठीतला बारीक आकडा कशाचा म्हणून विचारलं. एका औंसाला किती पडतं त्याचा, असं सांगितलं. मग तो त्या रांगेतून हलेचना. मोठा खोका छोट्यापेक्षा औंसामागे महाग पडतोय हे त्याने स्वतः शोधून काढलं आणि 'हे लोक फसवतात का?' असं विचारलं. एव्हाना कार्टमधलं दूध कोमट झालं होतं. पुढच्या भेटीत त्याने आईसाठी साबणाचा हिशेब करून आणला होता, वहीच्या पानावर, भागाकारासकट. मी त्याची शिकवणी कधीच घेतली नाही.

संस्थेचं खरं काम मात्र आपल्याला न दिसणारी बाई करते. प्रत्येक जोडीमागे संस्थेचा एक पगारी माणूस असतो. आमची बाई मला फोन करते, आईला वेगळा करते, पोराशी वेगळी बोलते. मध्यंतरी त्याने लागोपाठ भेटी रद्द केल्या. कंटाळला असेल, असं मी धरून चाललो असतो. तिने आईकडून काढून घेतलं की त्यांना घर सोडावं लागतंय आणि नव्या जागेची त्याला लाज वाटतेय. पुढच्या वेळी मी त्याला घराऐवजी लायब्ररीच्या दारातून घेतलं. हा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. स्वयंसेवक सगळीकडे मिळतात; असा मधला माणूस नेमून त्याचा पगार देणं फार थोड्यांना जमतं.

हे मी एकट्याच्या अनुभवावरून बोलत नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या संस्थेकडे अर्ज केलेल्या १० ते १६ वर्षांच्या ९५९ मुलांपैकी निम्म्यांना लगेच बिग शोधून द्यायला घेतला आणि निम्म्यांना दीड वर्ष यादीत थांबवलं. पहिल्या गटात अमली पदार्थांना नव्याने हात लावण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी निघालं, आणि शाळेला दांड्याही जवळपास निम्म्या. पण त्याच मुलांच्या माहितीवरून २००२ साली आणखी एक गोष्ट पुढे आली, ती प्रत्येक इच्छुकाने आधी वाचावी: ज्यांची जोडी तीन महिन्यांच्या आत तुटली, त्यांचा स्वतःवरचा विश्वास उलट घसरला होता. बिग न मिळालेल्या मुलांपेक्षाही जास्त.

म्हणून कंपन्यांच्या 'एक दिवस मुलांसोबत' छापाच्या उपक्रमांवर माझा राग आहे. अशा एकात मी गेलो होतो. टी-शर्ट, पिझ्झा, फोटो झाले. निघताना एक मुलगी विचारत होती, 'पुढच्या आठवड्यात कधी येणार?' तिला खरं उत्तर द्यायला कुणीच पुढे झालं नाही.

संस्थेची मुळं १९०४ पर्यंत जातात. न्यू यॉर्कच्या बालन्यायालयातला कारकून अर्नेस्ट कुल्टर समोर येणारी पोरं बघून अस्वस्थ झाला आणि एकेका पोरामागे एकेक मोठा माणूस उभा करायला लागला. आजही पुरुष कमी पडतात, त्यामुळे मुलग्यांना मुलींपेक्षा जास्त थांबावं लागतं. मंडळाच्या गणपतीत मांडव घालायला आपल्याकडे पुरुष कमी पडत नाहीत. त्यातल्या दोघा-चौघांनी अर्ज भरला तरी तितकी पोरं यादीतून बाहेर येतील.

व्हिसा किंवा नोकरीमुळे वर्षभरात गाव बदलण्याची शक्यता असेल तर आत्ता अर्ज करू नका, स्थिर झाल्यावर करा. फिरतीची नोकरी असेल तर मुलाला त्याच्या शाळेतच भेटण्याचा पर्याय आहे का, ते जवळच्या शाखेत विचारा. इंग्रजीच्या उच्चारांची काळजी सोडा. माझा लिटल माझं नाव माझ्या शेजाऱ्यांपेक्षा नीट घेतो.