अक्षरे पुसलेले तीन चोक: दोन हंगामांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी पावणेआठला, अमेरिकेत, उत्तर आयोवातल्या खडीच्या रस्त्यावर गाडीचे मागचे दार उघडून मी उभा होतो. तळहातावर तीन काळे चोक (छऱ्यांचा फैलाव कमी-जास्त करण्यासाठी बंदुकीच्या नळीच्या तोंडात फिरवून बसवायच्या छोट्या नळ्या) होते आणि त्यांतला कोणता कोणता हे मला सांगता येत नव्हते. आयोवात फेझंट या कोंबडीसारख्या रानपक्ष्याच्या शिकारीची वेळ सकाळी आठ ते दुपारी साडेचार अशी बांधलेली आहे, म्हणजे निर्णयाला माझ्याकडे पंधरा मिनिटे होती. इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, मॉडिफाइड आणि फुल ही, मोकळ्यापासून घट्टापर्यंतची, तिन्ही नावे ज्या लेझरच्या अक्षरांत कोरली होती, ती अक्षरे चौदा महिन्यांत साफ पुसून गेली होती.

बंदूक विंचेस्टर एसएक्स-४, बारा बोअरची, २८ इंची नळी. तिच्याबरोबर याच तीन मापांचे तीन चोक कारखान्यातूनच येतात, आणि ते वेगळे पैसे न देता येतात, हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढच्या सगळ्या चिडचिडीचे मूळ त्यातच आहे. असे असताना मी १७४ डॉलर मोजून दुसऱ्या कंपनीचे तीन चोक का घेतले? कारण कारखान्याचे चोक नळीच्या तोंडाशी सपाट बसतात आणि काढा-घालायला चावी लागते, तर हे पाऊण इंच बाहेर राहतात, त्यांच्या कडेला खरबरीत नक्षी असते आणि हातमोज्यासकट बोटांनी फिरवता येतात. थंडीत खिशातली चावी शोधण्याचा मला मनस्वी कंटाळा आहे. कंपनीचे नाव मी लिहीत नाही. अशा चुका करणारी ती एकटीच असेल असे मला वाटत नाही.

पहिल्या हंगामात तक्रार करण्यासारखे काहीच नव्हते. उन्हाळ्यात मात्र मी दर पंधरा दिवसांनी मातीच्या तबकड्यांवर पंचवीस-पंचवीस काडतुसांच्या फेऱ्या मारू लागलो आणि घरी येऊन चोक सफाईच्या द्रावणाने पुसू लागलो. जूनमध्ये ‘मॉडिफाइड’ या शब्दातले अर्धे अक्षर गेले. ऑगस्टमध्ये मी ते दिव्याखाली तिरके धरून वाचत होतो. कंपनीला लिहिले तर उत्तर आले की खुणा फिकट होणे ही दिसण्याची बाब आहे आणि ती हमीत बसत नाही. वर पुढच्या खरेदीवर वीस टक्के सवलतीचे कूपन पाठवले. ज्या वस्तूची ओळखच पुसली गेली, तीच वस्तू पुन्हा घेण्यासाठी सवलत!

मी एवढ्याशा अक्षरांवरून इतका का तापतो, असे घरी मला विचारण्यात आले आहे. उत्तर असे, की पुसल्या गेलेल्या मजकुरात फुलच्या चोकवरची ‘पोलादी छऱ्यांसाठी नाही’ ही सूचनाही होती. शिसे मऊ असते, आवळलेल्या नळीतून जाताना ते थोडे दबते. पोलाद दबत नाही, म्हणून पोलादी छर्रे एकमेकांना धरून, अधिक घट्ट जातात आणि फार आवळलेल्या चोकमधून मोठे पोलादी छर्रे मारले तर चोक आणि नळी दोन्ही फुगण्याची भीती असते. आम्ही उभे होतो ती जागा वॉटरफाऊल प्रॉडक्शन एरिया, म्हणजे पाणपक्ष्यांच्या विणीसाठी राखलेली सरकारी जमीन होती. अशा संघीय जमिनींवर फेझंटसाठीसुद्धा शिसे चालत नाही. बदकांच्या शिकारीत तर देशभर १९९१ पासून शिशाला बंदी आहे. म्हणजे त्या सकाळी माझ्या झोळीत फक्त तीन नंबरचे (नंबर हे छऱ्याच्या आकाराचे माप) पोलादी छर्रे होते आणि हातात तीन निनावी चोक. कारखान्याचे चोक अर्थातच घरी. त्यांच्या कडेवर मात्र खाचा असतात: फुलला एक, मॉडिफाइडला तीन, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरला चार. अंधारात नखाने मोजाव्यात इतक्या त्या स्पष्ट असतात, आणि कोणतेही द्रावण खाच पुसू शकत नाही.

त्या दिवशी मार्ग काढला तो बरोबरच्या शेतकरी शेजाऱ्याने. सत्तरी ओलांडलेल्या त्या गृहस्थाने खिशातून दहा सेंटचे नाणे काढले आणि एकेका सुट्या चोकच्या तोंडावर टेकवले. नाण्याचा व्यास ०.७०५ इंच असतो, आणि बारा बोअरच्या फुल चोकच्या तोंडातून ते आत जात नाही, अशी ही जुनी परीक्षा आहे. दोन चोकमधून नाणे पडले, तिसऱ्यावर अडकले. अडकला तो फुल, तो मी डबीत टाकला. उरलेल्या दोघांच्या तोंडांत, नंतर घरी मोजल्यावर कळले त्याप्रमाणे, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता. तो थंडीत डोळ्याने कळणे अशक्यच. मी अंदाजाने एक बसवला.

अंदाज चुकला, बसला तो दोघांतला जास्त आवळलेला. साडेनऊच्या सुमारास एक नर माझ्या जवळूनच, अठरा-एक यार्डांवरून उठला. मी बार काढला, पक्षी पडला आणि हातात घेतल्यावर लक्षात आले की अर्धी छाती चाळण झाली आहे. दिवसाला तीन नरांची मर्यादा आणि त्यातला एक असा वाया. घरी आम्ही फेझंटचे मालवणी सुके करतो, कारण या पक्ष्याचे मांस कोरडे असते आणि वाटणाशिवाय त्याला चव येत नाही. त्या रविवारी मात्र जेवणापेक्षा पोलादी छर्रे ताटाच्या कडेला काढून ठेवण्याचेच काम जास्त झाले. शिसे दाताखाली आले तर दबते, पोलादाने दात जातो.

इथपर्यंतचा मजकूर मी डिसेंबरच्या सुरुवातीला लिहिला होता आणि शेवटी ‘घेऊ नयेत’ असे दोन शब्द टाकून तो पाठवणार होतो. त्यानंतर दोन गोष्टी झाल्या आणि माझे मत अर्धे बदलले.

पहिली गोष्ट मोजमापाची. चोकच्या तोंडाचे माप व्हर्नियरने घरी घेता येते, पण नळीचे नाही, कारण चोक काढल्यावर तोंडाशी आटे असतात आणि खरी नळी त्यांच्या मागे सुरू होते. तिथे आतले माप घेणारे खास साधन लागते, म्हणून बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. बारा बोअरच्या नळीचा ठरीव व्यास ०.७२९ इंच असतो, माझी ०.७४२ भरली, कारण या बंदुकीची नळी मुद्दाम रुंद केलेली असते. आवळणी म्हणजे नळीचा व्यास वजा चोकच्या तोंडाचा व्यास. मॉडिफाइडची आवळणी साधारण ०.०२० असायला हवी, या ‘मॉडिफाइड’चे तोंड ०.७१० होते, म्हणजे आवळणी ०.०३२. ती जवळजवळ फुलचीच झाली. इम्प्रूव्ह्ड सिलिंडरला ०.०१० हवी, तिथे ०.०१७ निघाली. फुलचे तोंड ०.६९८, आवळणी ०.०४४. म्हणजे अक्षरे शाबूत असती तरी ती मला खोटेच सांगत होती! कोऱ्या झालेल्या चोकने निदान शंका तरी घ्यायला लावली.

दुसरी गोष्ट कागदाची. जी गोष्ट पहिल्याच आठवड्यात करायला हवी होती, ती मी चौदा महिन्यांनी केली. रुंद तपकिरी कागदाचे भेंडोळे आणून चाळीस यार्डांवर ताणले, प्रत्येक चोकचे तीन बार काढले आणि दर वेळी छर्रे जिथे सर्वांत दाट पडले तो मध्य धरून तीस इंची वर्तुळ काढून भोके मोजली. वर्तुळ आधी काढून त्यावर नेम धरायचा नसतो, तसे केले तर आपण बंदुकीचा नव्हे, स्वतःच्या नेमाचा हिशेब करतो. काडतूस शिशाचे, सहा नंबर, सव्वा औंस, म्हणजे सुमारे २८१ छर्रे. या वर्तुळात किती टक्के छर्रे पडावेत याचे पुस्तकी आकडे असे: इम्प्रूव्ह्ड सिलिंडरला पन्नास टक्के, मॉडिफाइडला साठ, फुलला सत्तर. कारखान्याचे तिन्ही चोक अनुक्रमे त्रेपन्न, साठ आणि एकोणसत्तर टक्क्यांवर आले, म्हणजे फुकटातल्या मालाने शब्द पाळला. विकतच्या इम्प्रूव्ह्ड सिलिंडरने त्रेसष्ट दिले, मॉडिफाइडने त्र्याहत्तर, आणि विकतच्या फुलने एकाहत्तर, तेही ठिकठिकाणी ताटलीएवढी रिकामी जागा सोडून. जास्त आवळले की जास्त घट्ट पडते हा माझा समज तिथेच गेला. एका मर्यादेपुढे शिशाचे छर्रे एकमेकांवर घासून चेमटतात आणि भरकटतात.

अठरा कागद गॅरेजच्या जमिनीवर पसरून गुडघ्यांवर भोके मोजण्यात दोन संध्याकाळी गेल्या. त्यांतला सर्वांत देखणा कागद त्या बदनाम ‘मॉडिफाइड’चा होता. वर्तुळभर एकसारखे पडलेले छर्रे, कुठे भगदाड नाही. डिसेंबरअखेर पक्षी बिचकून पस्तीस-चाळीस यार्डांवरून उठतात, तेव्हा शिशाबरोबर मला हाच चोक हवा. दहा जानेवारीला हंगाम संपेपर्यंत चार सकाळी तो बसवून गेलो आणि दोन लांबचे नर स्वच्छ मिळाले. म्हणून ‘घेऊ नयेत’ हे मागे घेतो. नावावर विसंबून घेऊ नयेत, एवढे ठेवतो.

हाताने फिरवण्याची सोय खरीच आहे, पण हाताने आवळलेला चोक हातानेच सैलही होतो. वीस-पंचवीस बारांनंतर माझा दर वेळी पाव आटा सुटलेला असे. बंदूक उघडून, रिकामी असल्याची खात्री करून, तो चाचपण्याची सवय लावावी लागते, कारण सैल चोकची मागची कड छऱ्यांच्या वाटेत आली तर नळीचेच नुकसान. आट्यांना न चिकटू देणारे वंगण आठ डॉलरला मिळते, ते मात्र बिनशर्त घ्यावे.

बाकी सामानाबद्दल थोडक्यात. नळीच्या टोकाला लावायचा हिरवा चमकता मणी मी तीन आठवड्यांत काढला, कारण डोळा पक्ष्याऐवजी त्याच्याकडे जातो. खांद्याचा पट्टा गवतात अडकतो, पण गाडीकडे परतताना बरा. अंगावर निदान एक नारिंगी कपडा आयोवात सक्तीचाच आहे, त्यामुळे जॅकीटच घ्यावे, मागे पक्षी ठेवायची धुता येणारी पिशवी असलेले. नळी साफ करायला दोरीचा ब्रश उत्तम.

राहिला प्रश्न अक्षरांचा. आधी मी चोकच्या कडांवर वेगवेगळ्या रंगांचे नेलपॉलिश लावले. पहिल्याच सफाईत ते द्रावणाने नेले. मग फोनवर सावंतवाडीला बाबांशी बोलताना विषय निघाला. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बारा बोअर होती. माकडे हाकलायला हवेत बार काढण्यापलीकडे तिचा उपयोग झाला नाही आणि दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा होई. चोक बदलता येतात हे ऐकून ते हसले आणि म्हणाले, “अरे, कानस नाही का घरात? खाच मार की.”

मी बारीक कानस घेतली आणि चोकच्या बाहेर राहणाऱ्या कडेवर, आतल्या पृष्ठभागाला हात न लावता, खाचा पाडल्या. ‘इम्प्रूव्ह्ड सिलिंडर’ म्हणून विकलेल्याला तीन आणि ‘मॉडिफाइड’ म्हणून विकलेल्याला एक, कारण कागदावर ते तसेच निघाले होते. फुलला खाच पाडली नाही. तो मुदत संपलेल्या कूपनाबरोबर खणात पडून आहे.