संयुक्त असमानतांची सराव-वही: उदाहरणं झकास, उत्तरसूची तपासून घ्या

नाशिकमधल्या एका खासगी शिकवणीने काढलेल्या या स्पायरल वहीचा विषय एकच: रोजच्या व्यवहारातलं वाक्य वाचायचं आणि त्याची संयुक्त असमानता मांडायची, म्हणजे ‘आणि’ने किंवा ‘किंवा’ने जोडलेल्या दोन मर्यादा ≤, ≥ अशा चिन्हांत लिहायच्या. नववी ते अकरावीच्या मुलांना चालेल. उदाहरणं इथलीच आहेत, द्राक्षाच्या पेट्या, ठिबकची टाकी, नाशिकरोडचं रेल्वे तिकीट. ‘एका संख्येची दुप्पट’ छापाची गणितं जवळपास नाहीतच, हे बरं केलं.

सगळ्यात जमलंय ते टाकीचं गणित. १००० लिटरच्या भरलेल्या टाकीतून ठिबकला मिनिटाला ४० लिटर पाणी जातं. टाकीत किमान २०० आणि जास्तीत जास्त ६०० लिटर उरायला हवं, तर पाणी किती मिनिटं सोडायचं? मिनिटांना ‘म’ म्हणू. मांडणी अशी: २०० ≤ १००० − ४०म ≤ ६००. तिन्ही भागांतून १००० वजा केले की −८०० ≤ −४०म ≤ −४००. आता −४० ने भागायचं, आणि पोरं घसरतात ती इथेच. ऋण संख्येने भागलं की दोन्ही चिन्हं उलटतात: २० ≥ म ≥ १०, म्हणजे १० ते २० मिनिटं. वहीत ही पायरी चौकटीत दिली आहे आणि खाली ताळाही आहे: १० मिनिटांनी ६०० लिटर उरतात, २० मिनिटांनी २००.

शब्दांवरून चिन्ह ठरवायचा तक्ता मात्र घाईत उरकलाय. ‘किमान’, ‘निदान’, ‘कमी नको’ म्हणजे ≥ आणि ‘जास्तीत जास्त’, ‘वर नको’ म्हणजे ≤, इथपर्यंत ठीक. पण ‘ते’ दिसलं की दोन्हीकडे ≤ लावा, असं सरसकट सांगितलं आहे. रेल्वेत स्वतंत्र बर्थ न घेता अर्धं भाडं पडतं ते पाच वर्षं पूर्ण झालेल्या आणि बारा पूर्ण न झालेल्या मुलांना. म्हणजे ५ ≤ व < १२. वहीतल्या ५ ≤ व ≤ १२ प्रमाणे बाराव्या वाढदिवशीही अर्धंच तिकीट निघेल. टीसी ते ऐकणार नाही.

‘किंवा’चा घोळ याहून वाईट. द्राक्षांच्या शीतगृहात तापमान −१ ते ० अंश ठेवतात. त्याबाहेर गेलं की भोंगा वाजायला हवा, म्हणजे त < −१ किंवा त > ०. उत्तरसूचीत हे ० < त < −१ असं एका साखळीत बसवलं आहे. त्यातून ० < −१ निघतं, म्हणजे भोंगा कधी वाजणारच नाही. साखळी फक्त ‘आणि’ला चालते, ‘किंवा’चे दोन तुकडे वेगळेच लिहायचे आणि संख्यारेषेवरही दोन वेगळे बाण काढायचे.

तिसरी चूक पेट्यांच्या गणितात. टेम्पोची क्षमता १५०० किलो, भरलेली पेटी ५.५ किलोची, आणि व्यापाऱ्याला निदान २०० पेट्या हव्यात. १५०० ÷ ५.५ म्हणजे २७२.७ च्या आसपास. वहीने ते पूर्णांकात नेऊन २७३ केलं, पण २७३ पेट्यांचं वजन १५०१.५ किलो भरतं. वरची मर्यादा नेहमी खालच्या पूर्णांकावर आणायची: २०० ≤ प ≤ २७२.

कागद जाड आहे, पेन्सिलने खोडाखोड केली तरी फाटत नाही. संख्यारेषेसाठी जागा मात्र फारच चिंचोळी. शेजारी कोरी आलेख-वही लागेलच. वर्गात शिक्षक सोबत असतील तर खुशाल घ्या. मूल घरी एकटं सोडवणार असेल, तर शेवटची उत्तरसूचीची पानं आधी काढून ठेवा आणि प्रत्येक उत्तर दोन्ही टोकांच्या किमती घालून तपासायला लावा.