खालच्या फळीवरची स्वस्त टाकी

पुण्यात सिंहगड रोडला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, एका पोराच्या बेडरूममध्ये चालणाऱ्या श्रिम्पच्या, म्हणजे काचेच्या टाकीत शोभेला पाळायच्या छोट्या रंगीत कोळंबीच्या, धंद्याबद्दल हे लिहितोय. नाव-पत्ता देत नाही, त्यानेच नको म्हटलंय. सोसायटीत त्याच्या पाण्याच्या वापरावरून आधीच कुरबुर चालू आहे. पण घरी पैदास करून विकणारी अशी मंडळी आता बऱ्याच शहरांत आहेत. त्यांतल्या कोणाकडेही गेलात तरी काय बघायचं, याचा अंदाज यातून येईल.

मी ऑफसेट छपाईतला माणूस, नोकरी सगळी प्रूफं तपासण्यात गेली. त्यामुळे रंगीत काहीही विकत घेताना माझी नजर आधी दिव्याकडे जाते. प्रूफ ५००० केल्विनच्या पांढऱ्या उजेडातच बघायचं, हा आमच्या धंद्याचा दंडक, कारण चुकीच्या दिव्याखाली लाल शाई कशीही खपून जाते. माशांच्या बहुतेक दुकानांत नेमकं उलट असतं. वर गुलाबी-जांभळट एलईडी, खाली काळी वाळू. त्यात साधा चेरी श्रिम्पसुद्धा भडक दिसतो आणि घरी आणला की फिकट नारिंगी निघतो. ऑनलाइन जाहिरातींतल्या फोटोंबद्दल तर बोलायलाच नको. तिथे सॅच्युरेशनची पट्टी कुठवर ओढलीय ते मला लांबूनही कळतं.

या पोराकडे साधे पांढरे दिवे आहेत. शिवाय मागितलं तर तो जाळीने दोन-चार श्रिम्प उचलून आइस्क्रीमच्या पांढऱ्या डब्यात सोडून दाखवतो. ही परीक्षा कडक आहे. श्रिम्पच्या कातडीतल्या रंगपेशी आजूबाजूला बघून पसरतात, आकसतात. गडद तळावर रंग दाटतो, फिक्या तळावर उतरतो, घाबरले की आणखी उतरतो. पांढऱ्या डब्यात थोडा वेळ काढूनही जो लाल राहिला, तो खरा लाल. डबा पुढे करणारा विक्रेता मला दुसरा भेटलेला नाही.

माल मुख्यतः निओकॅरिडिना डेव्हिडीचा, म्हणजे ज्याला सगळे चेरी श्रिम्प म्हणतात तो. साधे चेरी ३० रुपये नग, पिवळे ५०, पेंटेड फायर रेड ६०, ब्लू ड्रीम ८०, ब्लडी मेरी ९०. आणि या सगळ्यांची जात एकच आहे, ही गोष्ट नव्या माणसाला सांगितली तरी पटत नाही. तैवान आणि पूर्व चीनच्या ओढ्यांतला हा प्राणी मुळात मातकट, ठिपक्यांचा, अर्धा पारदर्शक. लाल, निळे, पिवळे, काळे हे सगळे पैदास करणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवडून काढलेले वाण.

पेंटेड फायर रेड आणि ब्लडी मेरी शेजारी ठेवले की दोन्ही लालच. मग तीस रुपये जास्त का, असं मीही विचारलं. त्याने उत्तर न देता मोबाइलचा टॉर्च मागून धरला. फायर रेडमध्ये रंग कवचावर जाड थराने बसलेला, त्यामुळे उजेड अडतो. ब्लडी मेरीचं कवच काचेसारखं स्वच्छ आणि आतलं मांसच लाल, उजेड आरपार जातो. एकात रंग कागदावर छापलेला आणि दुसऱ्यात कागदाचा लगदाच रंगीत, असा हा फरक आहे. मी ब्लडी मेरीचे पैसे आनंदाने दिले.

एक गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवतो. श्रिम्पमध्ये मादी मोठी आणि जास्त रंगीत, नर बारीक आणि फिका. काही दुकानदार टाकीत दिसायला नुसत्या माद्या ठेवतात आणि पिशवीत भरताना भलतंच भरतात. हा दहाच्या पिशवीत नर-माद्या मोजून, दाखवून देतो.

पण मी इथे पुन्हा पुन्हा जातो ते या वाणांसाठी नाही. रॅकच्या सगळ्यात खालच्या फळीवर, पाण्याच्या कॅनच्या मागे, एक टाकी आहे. तिला लेबल नाही. वरच्या टाक्यांतून निवडून काढलेला माल त्यात टाकतात. धंद्यातली माणसं त्याला कल्स म्हणतात. १५ रुपये नग, कुठलाही घ्या. पहिल्यांदा मी तिच्यासमोर फरशीवर मांडी घातली तेव्हा पोरगा म्हणाला, “काका, ते कशाला? ते रिजेक्ट आहेत.” आतून त्याच्या आईचा आवाज आला, “बसू दे रे त्यांना, चहा टाकलाय.”

त्या टाकीत काय नाही! ब्लू ड्रीमच्या वंशातला एक तपकिरी, ज्याच्या गालापाशी आणि शेपटीच्या पंख्यावर तेवढी गर्द निळाई राहिलीय. एक लाल डोक्याचा, लाल शेपटीचा, मधे लख्ख पारदर्शक. त्यातून आतड्याची काळी रेघ सरकताना दिसते. या नक्षीला रिली म्हणतात आणि ती पक्की केलेले वाण चढ्या भावाने विकले जातात, पण याचा लाल कडेला फुटलेला, म्हणून हा खाली. एक पिवळी मादी, जिच्या पाठीवरची सोनेरी पट्टी अर्ध्यातच तुटलीय. एक चॉकलेटी, उजेडात धरला तर जांभळट. आणि एक, ज्याला माझ्या शेड कार्डात नावच सापडलं नाही: राखाडी म्हणावा तर पाय हिरवट, हिरवा म्हणावा तर पोट गुलाबी.

पोराच्या दृष्टीने ते टाकाऊच. एकसारखी लाल पिल्लं हवी असतील तर असे नग टाकीत राहून चालत नाहीत. दोन वेगळ्या रंगांची जोडी लागली की पुढच्या दोन-तीन पिढ्यांत बहुतेक पिल्लं मूळ मातकट रंगाकडे वळतात. म्हणून ‘मिक्स कलर पॅक’ नावाने सहा रंग एकाच पिशवीत विकणाऱ्यांवर जाणकारांचा राग असतो: घेणाऱ्याला वाटतं इंद्रधनुष्य टिकेल, आणि वर्षभरात टाकीत चिखलाच्या रंगाची वस्ती दिसते. हा राग योग्य आहे. पण चिखल होणार हे माहीत असताना घेणाऱ्याला तक्रार कसली? मी नेमकं तेच घेतो.

क्रिस्टल रेड नावाचा लाल-पांढरा श्रिम्प आज एस, डबल एस, ट्रिपल एस अशा प्रतींत विकला जातो. त्याचा उगम तरी काय? जपानमध्ये १९९१ च्या सुमारास हिसायासु सुझुकी यांना आपल्या काळ्या-पांढऱ्या बी श्रिम्पमध्ये एक लाल पिल्लू दिसलं. हा लाल रंग अप्रभावी, म्हणजे तो पिल्लात दिसायला आई-बाप दोघांकडून यावा लागतो. सुझुकींनी तो चिकाटीने पक्का केला. त्यांनी ते पिल्लू खालच्या फळीवर टाकलं असतं तर?

माझी तशी काही महत्त्वाकांक्षा नाही. मी प्लॅस्टिकच्या खोक्यासारख्या दिसणाऱ्या स्वस्त चाळीस लिटरच्या टाकीत हे सगळे एकत्र सोडले. मादी पोटाखाली वीस-तीस अंडी घेऊन फिरते, तीन-चार आठवड्यांत पिल्लं सुटतात, आणि ती आई-बापांची तंतोतंत छोटी प्रतच असतात, अळीची अवस्था वगैरे काही नाही. बहुतेक मातकट झाली, ठरल्याप्रमाणे. पण मातकट म्हणून हिणवलेला हा रंग भिंगातून बघा. त्यात विटकरी, काळे, निळसर ठिपके असतात, अगदी छापील फोटोतल्या ठिपक्यांच्या, म्हणजे हाफटोनच्या, जाळीसारखे छोटे. आणि मधेच एखादं पिल्लू निळ्या पायांचं निघतं. वरच्या फळीवरच्या ९० रुपयांच्या टाकीत पुढचं पिल्लू कसं असेल हे आधीच ठाऊक असतं.

त्याच्याकडे ‘कलर बूस्टर’ खाद्यही मिळतं, १५० रुपयांना छोटी डबी. हे घेऊ नका असं नाही, पण अपेक्षा बेतशीर ठेवा. श्रिम्पचा लाल रंग अ‍ॅस्टाझँथिन नावाच्या द्रव्याचा असतो, आणि त्याचा कच्चा माल त्यांना शेवाळासारख्या खाण्यातूनच मिळवावा लागतो. त्यामुळे चांगलं खाद्य मिळालं की मुळात असलेला लाल दाटतो, इतकंच. तेच द्रव्य एका प्रथिनाला बांधलं गेलं की निळसर दिसतं. बाजारातली राखाडी-निळी कोळंबी कढईत पडली की केशरी होते ती उष्णतेने ही गाठ सुटते म्हणून. डबीतलं खाद्य निळ्याचा लाल करत नाही आणि मातकटाचा निळाही. माझे श्रिम्प उकडलेला पालक आणि शेवग्याचा पाला खाऊन खूश आहेत. टाकीत टाकायची देशी बदामाची वाळलेली पानं तो १० रुपयाला एक विकतो. ही मात्र लूट आहे. रस्त्यापासून लांबचं झाड बघा आणि गळलेली पानं धुऊन वापरा.

वेगळा रंग दिसला की हरखून जाऊ नये, हेही त्यानेच सांगितलं. मागचं अंग दुधासारखं पांढरं, अपारदर्शक होत चाललं असेल तर तो नवा वाण नाही, स्नायू मरतायत. पोटाखाली हिरवट झुपका दिसला तर ती अंडी नसून परजीवी असू शकतो. असा नग मी वेगळा काढायला लावतो. आणि अगदी फिका पडलेला श्रिम्प आजारी असेलच असं नाही, नुकती कात टाकलेली असू शकते. तळाशी पडलेली कात बघून मेला समजणारे खूप.

आता त्रासाच्या गोष्टी. त्याच्या दोन टाक्यांत क्रिस्टल रेड आहेत, चिलर लावून २३ अंशांवर ठेवलेले, आरओच्या पाण्यात मोजून क्षार घालून. हे तो घेणाऱ्याला एक प्रश्नही न विचारता विकतो, २५० रुपये नग. एप्रिलमध्ये पुण्यात बाहेर पारा चाळिशीला टेकतो, पंखा लावूनही टाकीचं पाणी तिशीच्या खाली राहत नाही. त्यात हे श्रिम्प टिकायचे नाहीत. माझ्यासमोर एका कॉलेजच्या मुलीने सहा घेतले. मी बोललो तर पोरगा म्हणाला, “काका, त्यांनी रिसर्च केला असेल ना.” हे मला आवडलं नाही आणि मी तसं तोंडावर सांगितलं.

पाण्याबद्दलही विचारून घ्या. त्याच्या निओकॅरिडिनाच्या टाक्यांचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, २०० च्या आसपास. आमच्याकडे महापालिकेचं पाणी शंभराच्या खाली आणि उन्हाळ्यात बोअरचं मिसळलं की सहाशेच्या वर. पिशवी थेट टाकीत ओतलीत तर कात टाकतानाच मरतील. एअर पाइपला गाठ मारून आपल्या टाकीचं पाणी थेंब थेंब पिशवीतल्या पाण्यात सोडत दोन तास लावा. पाण्यात क्लोरीन किंवा तांबं असलेलं औषध जाऊ देऊ नका.

पॅकिंग उत्तम: जाड पिशवी, आत श्रिम्पना धरायला मॉस या पाणवनस्पतीचा तुकडा, बाहेर वर्तमानपत्र. कुरिअर करतो, पण मे महिन्यात मागवू नका. व्हॉट्सअ‍ॅपला उत्तर दुसऱ्या दिवशी येतं. बिल मिळत नाही. जायचं तर शनिवारी दुपारी जा, कारण त्याच दिवशी सकाळी तो वरच्या टाक्या निवडतो आणि खालच्या फळीवर नवा माल येतो. जाळी स्वतःच मागून घ्या, निवडू देतो. तो निळ्या शेपटीचा तपकिरी अजून तिथे असेल तर तो माझ्यासाठी ठेवायला सांगितलाय, त्याला हात लावू नका.