गिझर दुरुस्त करावा की बदलावा? खानदेशी पाणी धरून केलेला हिशोब

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे व्हायला लागले की जळगाव-धुळ्यात वायरमनचे फोन वाजायला लागतात. मार्चपासून ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलेलं नसतं तो गिझर चालू केला जातो. मग कुठे एमसीबी पडतो, कुठे पाणी कोमटाच्या पुढे जात नाही, तर कुठे खालून टपटप सुरू होते. आमच्या १५ लिटरच्या गिझरची गेल्या वर्षी कॉइल गेली होती. यंदा सातव्या वर्षी टपटप लागली. मिस्तरी आला, झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, "पाणी गयरं खारं शे, भाऊ." आणि लगेच नवा घ्यायचा सल्ला दिला.

तो सल्ला ऐकण्याआधी एक काम करा. मेन स्विच बंद करून गिझर बाहेरून कोरडा पुसा आणि तासभराने पाणी कुठून येतंय ते बघा. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब येत असेल तर दोन-तीनशेचं काम. पाणी तापताना तिथून थोडं गळणं तर स्वाभाविकच आहे. कनेक्शन पाइपच्या आट्यातून येत असेल तर वॉशर आणि टेप. कॉइलच्या बुडाशी ओल असेल तर गॅस्केट, शंभर-दीडशे रुपयांचं. पण बाहेरच्या पत्र्याच्या सांध्यातून तांबूस पाणी झिरपत असेल तर आतली टाकी फुटलेली आहे, आणि मग दुरुस्तीचा विषय संपला. ती वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका, आतला काचेचा थर वेल्डिंगने परत येत नाही.

बाकी सगळं बदलता येतं. कॉइल ५०० ते ९००, थर्मोस्टॅट ३०० ते ५००, अ‍ॅनोड रॉड (टाकीला गंजापासून वाचवणारी कांडी) ३०० ते ६००, मजुरी ३०० ते ४००. सगळं एकदम बदललं तरी दोन हजारांच्या आसपास. नवा चांगला १५ लिटरचा ७ ते १० हजार, वर पाइप आणि बसवण्याचे पाच-सहाशे. टाकी गळत नसेल तर माझा कौल दुरुस्तीला, गिझर आठ वर्षांचा असला तरी.

वयाचं इथे जरा वेगळं आहे. आपल्याकडे गिझर चालतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात भुसावळात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच चटका देतं, गिझर कोण लावतो? त्यामुळे कॉइल चारच महिने झिजते. टाकी मात्र बाराही महिने पाण्याने भरलेली असते. तिला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड गिझर बंद असतानाही स्वतः खपत राहतो. म्हणून 'आम्ही वापरतोच किती' हा दिलासा कॉइलपुरता खरा, टाकीला लागू नाही. दर दोन वर्षांनी रॉड काढून बघा, बराच झिजला असेल तर बदला. हे पाचशे रुपये वाचवणारेच पुढे टाकीसाठी आठ हजार मोजतात. मीही त्यातलाच.

दुसरा मुद्दा पाण्याचा. जळगावला वाघूर धरणाचं पाणी, धुळ्याला तापी आणि नकाणे तलावाचं, पण ते रोज येत नाही, मग टाकीत बोअरचं मिसळावं लागतं. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली कठीणपणाची, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची, मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बादलीला पांढरी खपली धरत असेल आणि साबणाला फेस येत नसेल तर तुमचं पाणी २०० च्या वरचं समजा. असं पाणी ६० अंशांच्या वर तापवलं की क्षार भराभर कॉइलवर बसतात आणि गिझर तापताना रेती खुळखुळल्यासारखा आवाज येतो. थर्मोस्टॅट ५०-५५ वर ठेवा. अंघोळीला तेवढं पुरतं.

समजा टाकी गेलीच. मग काय घ्यावं?

साधा हिशोब धरू. २० अंशांचं २० लिटर पाणी ४० अंशांपर्यंत न्यायला साधारण अर्धा युनिट लागतो. चार माणसांचे रोज दोन युनिट. सगळे आकार धरून युनिट ११-१२ रुपयांना पडत असेल तर रोजचे २२-२४, चार महिन्यांचे पावणेतीन हजारांच्या घरात. गॅस गिझरला सिलिंडर नऊशेच्या आसपास धरला तर तेवढ्याच उष्णतेला युनिटमागे सहा-सात रुपये पडतात, म्हणजे खर्च जवळपास निम्मा. गिझरही पाच-सहा हजारांत येतो. पण तो बंद बाथरूममध्ये बसवायचाच नाही. गॅस जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, माणूस बसल्या जागी कोसळतो. मागच्या बोळात, गच्चीखाली, उघड्या हवेत जागा असेल आणि गरम पाण्याचा पाइप आत आणता येत असेल तरच विचार करा. शिवाय पाण्याची टाकी दहा-बारा फूट तरी वर हवी, नाहीतर प्रेशरअभावी तो पेटतच नाही. खाऱ्या पाण्यात त्याची तांब्याची बारीक नळीही लवकर चोंदते.

सोलरचं पुण्या-नाशिकचे नातेवाईक फार कौतुक करतात. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. खानदेशात ऊन भरपूर, पण गरम पाणी लागतं चारच महिने. १०० लिटरचा काचेच्या नळ्यांचा संच १५ ते २० हजार. वर्षाला पावणेतीन हजार वाचले तर पैसे वसूल व्हायला सहा-सात वर्षं, आणि उन्हाळ्यात नळ्यांवर गोणपाट टाकायचं काम वेगळं. सात-आठ माणसांचं घर किंवा भाडेकरू असतील तर मात्र सोलरच.

तीन लिटरचा इन्स्टंट गिझर स्वस्त, पण बादली भरायला आठ-नऊ मिनिटं लागतात आणि तीन किलोवॉटला १६ अँपिअरचा पॉइंट व जाड वायर हवी. स्वयंपाकघरासाठी ठीक. शेतावर घर असेल आणि पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या) फुकट असेल तर बंबाला तोड नाही, पण फ्लॅटमध्ये त्याचं नाव काढू नका.

शहरातल्या चौघांच्या घराला मी पुन्हा १५ लिटरचा स्टोरेजच सांगेन. पाच स्टार की चार, यावर डोकं शिणवू नका. स्टार मुख्यतः तापलेलं पाणी टाकीत पडून राहिल्यावर किती उष्णता जाते यावर ठरतात. तुम्ही अंघोळी झाल्या की स्विच बंद करत असाल तर फरक किरकोळ. त्याऐवजी वॉरंटी कार्ड वाचा. टाकीला पाच-सात वर्षं लिहिलेली असतात, पण कठीण पाण्याने झालेलं नुकसान त्यातून वगळलेलं आहे का, हे खालच्या बारीक अक्षरात असतं. दुकानदाराकडून बिलावर तारीख आणि शिक्का घ्या.

जुना गिझर एक्सचेंजमध्ये देण्याआधी आतली टाकी कशाची आहे ते बघा. माझ्याला लोखंडी निघाली, दुकानदाराने सहाशे धरले, मी दिला. चोपड्याला सासऱ्यांकडे वीस वर्षांपूर्वीचा होता, त्यालाही दुकानात सहाशेच सांगितले होते. टाकी तांब्याची निघाली. भंगारवाल्याने वजन करून त्याच्या कितीतरी पट दिले.