शंभर जीएसएमचा कागद सराफाच्या काट्यावर

रोजचे लेखन मी शाईपेनानेच करतो, त्यामुळे कागदाची आपल्याला पारख आहे असा माझा समज होता. गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या रविवार कारंजाजवळील एका दुकानाने तो उतरवला. दुकानदाराने काउंटरवरचे ए-फोर आकाराचे नमुन्याचे पॅड पुढे सरकवले, माझ्याच पेनाने त्यावर सही करायला लावली आणि पान उलटून दाखवले. मागे शाईचा ठिपकाही नव्हता. "साहेब, शंभर जीएसएम आहे, शाईपेनासाठीच मागवतो," असे तो म्हणाला आणि मी वेष्टनात बंद असलेली सहा पॅड, प्रत्येकी १८० रुपये देऊन, घरी आणली. त्यातले एकही तिथे उघडून पाहिले नाही.

पहिल्याच ओळीत 'क्ष'च्या गाठीत शाई फुटली, अनुस्वार मोहरीएवढे झाले आणि पाठपोट लिहिण्याची सोयच उरली नाही. आधी मी पेनालाच दोष दिला. निब आणि तिला शाई पुरवणारे फीड पाण्याने धुतले, शाई बदलली, बारीक निबेचे दुसरे पेन काढले. यात दोन दिवस गेले. दुकानदाराने हवेवर बोट ठेवले: पावसाळ्यात कागद ओल धरतो. ते खोटे नसल्यामुळे मी परत फिरलो, मात्र नमुन्यावरची सहीही त्याच पावसात आणि त्याच पेनाने केली होती, हे ध्यानात यायला घर गाठावे लागले.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. ए-फोरचे पान चौरस मीटरचा सोळावा हिस्सा असते, तेव्हा १०० जीएसएमची दहा पाने सुमारे ६२ ग्रॅम भरायला हवीत. सराफ बाजारातील एका स्नेह्यांच्या काट्यावर ती ३६ ग्रॅम भरली, म्हणजे कागद जेमतेम ५८ जीएसएमचा. (सोन्याच्या काट्यावर कोरी पाने ठेवताना त्यांना हसू आवरेना.) कागद पातळ असला म्हणजे वाईटच असतो असे नाही, जपानचा तोमोए रिव्हर ५२ जीएसएमचा असूनही शाई फुटू देत नाही, कारण शाईला थोपवते ती कागदाला दिलेली खळ. माझ्या गळ्यात मारलेला कागद पातळ होताच, शिवाय त्यात खळही नावापुरती होती.

वेष्टन फोडल्याचे निमित्त करून माल परत घेण्यास नकार मिळाला. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावण्यासाठी पावती हाती घेतली, तर तिच्यावर एवढेच लिहिलेले होते: 'पॅड, नग ६'. जीएसएमचा उल्लेखच नसल्याने तक्रारीला आधार उरला नव्हता.

आता न्यायच्या गठ्ठ्यातलेच एक पॅड मी पैसे देण्याआधी उघडायला लावतो, शेवटच्या पानावर स्वतःच्या पेनाने दोन ओळी लिहून ते उलटून पाहतो आणि पावतीवर जीएसएमचा आकडा लिहून घेतो. परवा कॉलेज रोडवरच्या एका दुकानदाराने यासाठी कपाळाला आठ्या घातल्या, पण आकडा लिहिला.