अधिवेशनाला जळगावात आलात? भरीत की शेवभाजी?

मंडपातलं पनीर दोन दिवस खाल्लं की तिसऱ्या दिवशी पाय आपोआप बाहेर वळतात.

थंडी असेल तर मी डोळे मिटून भरीत म्हणेन. हिरवी, जाडजूड वांगी कापसाच्या काड्यांवर भाजायची, हिरव्या मिरच्या-लसणासोबत लाकडी भांड्यात ठेचायची, वरून कांद्याची पात, शेंगदाणे आणि सढळ तेल. धुराचा वास बोटांना रात्रीपर्यंत राहतो. सोबत पुरी मिळते, पण कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी मागाच. इथल्या भरीत वांग्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय.

शेवभाजीला ऋतू नाही. रस्ता-ढाबा कुठलाही चालेल. फक्त शेव ऐनवेळी रश्श्यात पडली पाहिजे, नाहीतर लगदा. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा, नंतर पाण्याने काही होत नाही.

फिरण्याचं म्हणाल, तर एखादं सत्र बुडवून जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ, म्हणजे गांधीजींवरचं संग्रहालय, निवांत बघून होतं. अजिंठ्याला, साधारण ६० किलोमीटर, अख्खा दिवस द्या. सोमवारी लेणी बंद. फर्दापूर फाट्यावर गाडी लावून पुढे बसनेच जायचं. मी अजिंठाच निवडेन. भाषणं काय, पुढच्या वर्षीही तीच असतात.